सोंगाड्याची सनद

विनोदाला मर्यादा असावी कीं नाहीं, असल्यास ती कोणीं घालावी, आणि विनोद बोचला तर ज्याला तो बोचला त्यानें काय करावें, हे प्रश्न आज पुन्हां मोठ्या आवाजांत विचारले जात आहेत. एकट्या कलावंतानें ध्वनिक्षेपकासमोर उभें राहून तासभर लोकांना हंसविण्याचा जो खेळ अलीकडे 'स्टँड-अप कॉमेडी' या नांवानें शहरांतून रूढ झाला आहे, त्याच्या निमित्तानें हे प्रश्न निघाले. त्यामुळें पुष्कळांची अशी समजूत झालेली दिसते कीं, ही कटकट परदेशांतून आली. ती समजूत खरी नाहीं. आमच्या जत्रांतून, आमच्या रंगभूमीवर आणि आमच्या कीर्तनांतून ही फिर्याद फार जुनी आहे. तिचा इतिहास आज थोडक्यांत आपणांपुढें मांडावयाचा आहे. तो मांडतांना पुण्यामुंबईपासून आरंभ न करतां मी वऱ्हाडांतील वणीपासून आरंभ करणार आहें. कारण खेळ करणारा आणि खेळ पाहणारा यांच्यामधला मूळचा करार खेड्यांतल्या खेळांत जितका उघड दिसतो, तितका तो नाटकगृहाच्या अंधारांत दिसत नाहीं.

वणी हें यवतमाळ जिल्ह्यांतील, निर्गुडा नदीच्या कांठचें, कपाशीच्या बाजारपेठेचें आणि रंगनाथस्वामींच्या जत्रेचें गांव. एके काळीं या गांवाचा मान एवढा होता कीं, सबंध जिल्हाच सरकारदप्तरीं 'वूण' या नांवानें ओळखला जाई. १९०५ सालीं तें नांव जाऊन यवतमाळ हें नांव आलें. लोकनायक बापूजी अणे यांचा जन्म १८८० सालीं येथेंच झाला. विदर्भाच्या या भागांत सुगी आटोपली कीं खेड्यापाड्यांतून दंडार उभी राहावयाची. दंडारीला ना पडदा, ना तिकीट. देवळापुढची मोकळी जागा, भोंवतीं दाटीनें बसलेला गांव, मध्यें ढोलकी-टाळांच्या तालावर नाचणारे आणि गाणारे गडी, त्यांतच लुगडीं नेसून बायकांचीं सोंगें घेतलेले पुरुष, आणि या सर्वांना धाग्यासारखा गुंफीत जाणारा सोंगाड्या. पूर्वेकडे भंडाऱ्याच्या बाजूस हाच खेळ थोड्या निराळ्या रूपानें 'खडी गंमत' म्हणून ओळखला जातो. रूप निराळें, पण सोंगाड्या तोच.

हा सोंगाड्या गांवचाच असे. काल ज्याच्या वावरांत तो कापूस वेंचायला गेला, त्याच पाटलाची चालण्याची ढब तो आज रात्रीं उचली. ज्या सावकाराचें देणें त्याच्या डोक्यावर असे, त्याच्याच वहीचा तो पाढा वाची. नांव घेण्याचें कारण नसे. लेकी बोले सुने लागे, ही तेथली रीति. बसलेल्यांपैकीं कोणी मध्येंच शेरा मारला, तर खेळ बिघडला असें कोणाला वाटत नसे. उलट सोंगाड्यानें त्याच ठेक्यावर त्या शेऱ्याची परतफेड करावी, आणि तो कमी पडला तर हंशा त्याच्यावरच उलटावा, अशी अपेक्षा असे. शहरांतील नाटकगृहांत जिला आपण हुल्लड म्हणतों, ती येथें खेळाचाच एक भाग होती.

म्हणजे सोंगाड्याला समाजाकडून एक सनद मिळालेली होती, आणि तिच्यांत तीन कलमें होतीं. पहिलें कलम काळाचें: थट्टा त्या रात्रीपुरती, त्या सणापुरती. शिमग्याची बोंब धुळवड संपल्यावर कोणी ऐकून घेत नाहीं. दुसरें कलम सोंगाचें: बोलतें तें सोंग, माणूस नव्हे. आणि तिसरें, सर्वांत महत्त्वाचें कलम समोरासमोर असण्याचें: ज्याची थट्टा व्हावयाची तो समोर बसलेला असावा, आणि त्यालाही तोंड असावें.

हें तिसरें कलम ऐकायला जितकें गोड वाटतें, तितकें तें व्यवहारांत पाळलें जात नसे, हेंही सांगितलें पाहिजे. पाटलाला तोंड होतें, सावकाराला होतें. पण दंडारींत ज्या बाईच्या नखऱ्याची, ज्या सासवेच्या जिभेची किंवा ज्या विधवेच्या चालीची थट्टा चाले, ती बाई खेळांत नव्हतीच. तिचें सोंगसुद्धां पुरुषानेंच घेतलेलें असे. आणि प्रेक्षकांत ती असली, तर कडेला, पदर तोंडावर ओढून. जी माणसें गांवकुसाबाहेर राहत, त्यांना बसावयास जागा मिळे तीही कडेचीच. सनद जुनी खरी; पण तिच्यावर सह्या सर्वांच्या नव्हत्या. पुढचा सारा इतिहास हा या राहिलेल्या सह्यांचा इतिहास आहे.

घांटावरचा तमाशा पाहिला तर हें अधिकच स्पष्ट होतें. गण, गवळण, बतावणी आणि वग अशी त्याची चढती मांडणी. गणांत देवाला वंदन करावें, आणि लगेच गवळणींत वाट अडविणाऱ्या कृष्णाची गवळणींनीं, त्यांच्या थोराड मावशीनें आणि बोबड्या पेंद्यानें यथेच्छ टर उडवावी. भाविक प्रेक्षकाला त्यांत कांहीं विपरीत वाटत नसे. वगांत राजा असे, प्रधान असे, आणि राजाला त्याच्या तोंडावर मूर्ख ठरविणारा सोंगाड्याही असे. तमाशाचे कलावंत बहुतेक अस्पृश्य मानलेल्या जातींतले. रात्रीं राजाला उघडा पाडणारा सोंगाड्या सकाळीं पाटलापुढें जोहार घालीत उभा राही. ज्यांनीं हंसायचें ते वरचे, ज्यांनीं हंसवायचें ते खालचे, आणि हंसण्याचा विषय पुष्कळदा बाईच्या अंगाचा. तमाशाला अश्लील म्हणून नाकें मुरडणाऱ्यांनीं हें लक्षांत घ्यावें कीं, तो ज्यांच्यासाठीं अश्लील होत असे, ते पैसे फेंकणारे होते. पैसे वेंचणारे नव्हते.

आतां इतिहासांतील निश्चित साली घेऊं. १८५५ सालीं जोतीराव फुले यांनीं 'तृतीय रत्न' हें नाटक लिहिलें. एका भोळ्या कुणब्याला आणि त्याच्या गरोदर बायकोला ग्रहांची भीति घालून जोशी कसा लुबाडतो, ही त्याची कथा. त्यांत फुल्यांनीं एक विदूषक घातला आहे. आपल्या संस्कृत नाटकांतला विदूषक राजाचा मित्र, खादाड, आणि स्वतःचीच फजिती करून घेणारा. फुल्यांचा विदूषक तसा नाहीं. तो कथेच्या बाहेर उभा राहून मध्येंमध्यें बोलतो, जोशीबुवांचें बोलणें उलगडून दाखवितो, आणि जो प्रश्न कुणब्याला सुचला पाहिजे होता पण भीतीमुळें सुचला नाहीं, तो प्रश्न तो विचारतो. प्रेक्षकांतून शेरा मारणाऱ्या माणसालाच फुल्यांनीं उचलून रंगमंचावर आणून बसविलें, असें म्हटलें तरी चालेल. हें नाटक त्यांनीं दक्षिणा प्राइज कमिटीकडे धाडलें. कमिटीनें तें स्वीकारलें नाहीं. ज्याला तोंड नव्हतें त्याला तोंड देण्याचा आमच्या नाट्यवाङ्मयांतला हा आरंभींचा प्रयत्न, आणि त्याचें पहिलें उत्तर म्हणजे नकार.

यानंतर एकवीस वर्षांनीं, १८७६ सालीं, या प्रकरणांत एक तिसरा पक्ष शिरला. तो पक्ष म्हणजे सरकार. घटना कलकत्त्याची आहे. पण तिचे परिणाम मराठी रंगभूमीला दीर्घकाळ भोगावे लागले, म्हणून ती येथें सांगितली पाहिजे. त्या हिवाळ्यांत प्रिन्स ऑफ वेल्स हिंदुस्थानांत आले होते. जगदानंद मुखर्जी नांवाच्या वकिलांनीं त्यांना आपल्या घरच्या जनानखान्यांत नेऊन स्त्रियांकडून त्यांचें स्वागत करविलें. शहरांत कुजबूज झाली, आणि ग्रेट नॅशनल थिएटरनें 'गजदानंद' या नांवाचें एक प्रहसन लावलें. पोलिसांनीं तें बंद पाडलें. नटांनीं नांव बदलून तें पुन्हां केलें; तेंही बंद झालें. मग त्यांनीं पोलिसांवरच प्रहसन रचलें. पोलिस खात्यांतील दोन साहेबांचीं नांवें हॉग आणि लँब. इंग्रजींत एकाचा ध्वनि डुकराचा, दुसऱ्याचा अर्थ कोंकरूं. या कोटीवरच सारें प्रहसन उभें होतें. फेब्रुवारी संपण्यापूर्वीं व्हाइसरॉय लॉर्ड नॉर्थब्रुक यांचा वटहुकूम निघाला, आणि वर्षअखेर त्याचा नाट्यप्रयोगांवरील कायदा झाला. बदनामीकारक, राजद्रोही किंवा नीति बिघडविणारा वाटेल तो प्रयोग थांबविण्याचा अधिकार सरकारनें आपल्या हातीं घेतला.

एका कोटीसाठीं केलेला कायदा कोटीपुरता राहत नाहीं, हें महाराष्ट्रानें पाहिलें. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचें 'कीचकवध' १९०७ सालीं रंगभूमीवर आलें. त्यांत थट्टा नव्हती. महाभारतांतील कथा होती. परंतु प्रेक्षक कीचकाच्या ठिकाणीं लॉर्ड कर्झन पाहत होते आणि द्रौपदीच्या ठिकाणीं हिंदभूमि. १९१० सालीं त्यावर बंदी आली. लेकी बोले सुने लागे ही दंडारींतली युक्ति येथें राजकारणांत उतरली होती, आणि सरकारला ती बरोबर कळली होती. हा १८७६ चा कायदा स्वराज्यांतही पुस्तकांत राहिला. केंद्र सरकारनें तो रद्द केला तो २०१८ सालीं. सरकारच्या हातीं एकदां दिलेली कात्री परत मिळण्यास किती काळ लागतो, याचें हें उत्तम उदाहरण होय.

पण सर्व दोष सरकारच्या माथीं मारून आपणांस मोकळें होतां येणार नाहीं. त्याच काळांत आमचे शिकलेले नाटककार कोणाला हंसत होते तेंही पाहूं. नाटकाच्या शेवटीं 'फार्स' करण्याची चाल तेव्हां पडली होती, आणि फार्साचे ठरलेले बळी म्हणजे सुधारक, पुनर्विवाह करणारा आणि शिकलेली बाई. १८८४ सालीं पुण्यांत मुलींचें हायस्कूल निघालें. १८८६ सालीं नारायण बापूजी कानिटकर यांची 'तरुणी शिक्षण नाटिका' आली. मुली शिकल्या कीं संसार कसे बुडतील, याचें भविष्य तींत हंसत हंसत वर्तविलें आहे. त्या वेळच्या रंगभूमीवर स्त्रीची भूमिका पुरुष करी, नाटक पुरुष लिही, आणि पुढच्या रांगांत पुरुष बसत. शाळेंत जाणाऱ्या दहा-बारा वर्षांच्या मुलीला या हंशाचें उत्तर देण्यास कोठेंही जागा नव्हती. हा हंशा तिला रस्त्यांत भेटे, आळींत भेटे, आणि पुष्कळदा घरांतही भेटे. विनोदाची इजा होते म्हणजे काय होतें, हें ज्यांना समजून घ्यावयाचें असेल, त्यांनीं व्हाइसरॉयाची फिर्याद बाजूला ठेवावी आणि या मुलीची ऐकावी.

सुदैवानें एक उत्तर या नाटिकेच्या आधींच, चार वर्षांपूर्वीं, छापलें गेलें होतें, आणि तें वऱ्हाडांतल्याच एका बाईनें दिलें होतें. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनीं १८८२ सालीं 'स्त्रीपुरुषतुलना' हें लहानसें पुस्तक पुण्यास छापविलें. सुरतेच्या विजयलक्ष्मी नांवाच्या विधवेच्या खटल्यावरून वर्तमानपत्रांतून एकंदर स्त्रीजातीवर जी चिखलफेंक झाली, तिला हें उत्तर होतें. ताराबाईंनीं रडगाणें गायिलें नाहीं. त्यांनीं पुरुषांनाच हंसून घेतलें. त्यांची ढोंगें, त्यांचें इंग्रजी वेड, त्यांचें वेशीबाहेरचें शौर्य आणि घरांतलें शौर्य यांची अशी कांहीं टर त्यांनीं उडविली आहे कीं, एकाद्या कसलेल्या सोंगाड्यानेंही मान डोलवावी. त्या वेळच्या कथा-नाटकांतून स्त्री कशी रंगविली जाते, याचाही समाचार त्यांनीं घेतला. पुस्तकावर टीकेची झोड उठली. फुल्यांनीं 'सत्सार' मधून त्यांची बाजू घेतली. ताराबाईंच्या नांवावर दुसरें पुस्तक नाहीं. एका बाईनें सोंगाड्याच्या सनदेवर आपली सही केली, आणि पुढें कितीतरी वर्षें ती सही एकटीच राहिली.

सह्या वाढल्या त्या जलशांतून. १८७३ सालीं सत्यशोधक समाज स्थापन झाला, आणि पुढें त्याच्या कार्यकर्त्यांनीं तमाशाचाच सांचा घेऊन जलसे उभे केले. ओतूरच्या भीमराव महामुनींचें नांव यांत अग्रभागीं आहे. ढोलकी तीच, बतावणी तीच, सोंगाड्या तोच. परंतु आतां त्याच्या तडाख्यांत भटजी, सावकार आणि कुळकर्णी सांपडूं लागले. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या-चौथ्या दशकांत आंबेडकरी जलसे निघाले. नाशिककडील भीमराव कर्डक यांनीं तीं गाजविलीं असें म्हणण्यापेक्षां त्यांनीं तो प्रकार घडविला, असेंच म्हटलें पाहिजे. या जलसेकारांनीं एक गोष्ट जाणूनबुजून केली. बाईच्या अंगावरून होणारी थट्टा त्यांनीं खेळांतून काढून टाकली, आणि तरीही लोक रात्र रात्र बसून हंसले. अश्लीलतेवांचून खेड्यांतला माणूस हंसत नाहीं, हा शहाण्यांचा सिद्धांत कोणत्याही सरकारी समितीच्या आधीं या कलावंतांनीं खोटा ठरविला. जलशांची थट्टा नेहमींच न्याय्य होती असें मी म्हणत नाहीं. अन्याय करणाऱ्या माणसावरून ती कधीं कधीं सबंध जातीवर घसरे, आणि निरपराधालाही लागे. पण ज्यांना ती लागे त्यांच्या हातीं छापखाने होते, वर्तमानपत्रें होतीं, व्यासपीठें होतीं. उत्तराची वाट मोकळी होती.

वऱ्हाडानें या प्रश्नाला आणखी एक उत्तर दिलें आहे, आणि तें गाडगे महाराजांचें. हा योगायोग ध्यानांत घ्यावा कीं, ज्या १८७६ सालीं नाट्यप्रयोगांवर कायदा आला, त्याच सालीं अमरावती जिल्ह्यांत शेंडगांवीं त्यांचा जन्म झाला. हातांत खराटा, डोक्यावर गाडगें, आणि बोली अस्सल वऱ्हाडी. त्यांच्या कीर्तनांत श्रोता मुका बसून राहूं शकत नसे. बुवा प्रश्न विचारीत, श्रोत्यांनीं उत्तर द्यावें. त्या उत्तराला धरून दुसरा प्रश्न. आणि चार प्रश्नांनंतर श्रोता आपल्याच उत्तराच्या पेंचांत सांपडून स्वतःला हंसत असे. नवसाचा बोकड, लग्नासाठीं काढलेलें कर्ज, दारूचा गुत्ता, शिवाशीव, हे त्यांचे विषय. प्रेक्षकानें वक्त्याला मध्येंच टोकावें ही जुनी रीति. गाडगे महाराजांनीं ती उलटी केली, आणि वक्त्यानेंच प्रेक्षकाला टोंकलें. ते जें बोलत तें दुसऱ्या कोणीं बोललें असतें तर दगड पडले असते. ते पडले नाहींत. कारण या माणसाला आपल्याकडून कांहीं नको आहे, हें ऐकणाऱ्याला ठाऊक होतें. विनोदाच्या कडू औषधाला निःस्वार्थाइतकें दुसरें अनुपान नाहीं.

स्वातंत्र्य आलें, आणि नवें सरकारही जुन्याच वाटेनें गेलें. १९४८ च्या सुमारास मुंबई सरकारनें अश्लीलतेच्या कारणावरून तमाशावर बंदी घातली. वणी त्या वेळीं मध्यप्रांत-वऱ्हाडांत होतें. मुंबई राज्यांत तें १९५६ सालीं आलें. बंदीमुळें हजारो कलावंतांच्या चुली विझण्याची वेळ आली, ओरड झाली, आणि पुढें अटींवर ती उठली. मुख्य अट ही कीं, खेळाची संहिता आधीं लिहून तपासून घ्यावी. हेतु चांगला असेल. पण उपाय ज्यानें सुचविला, त्याला बतावणी म्हणजे काय हें ठाऊक नसावें. बतावणी कागदावर नसतेच. समोरच्या प्रेक्षकाचा चेहरा पाहून, गांवांत सकाळीं काय घडलें तें ऐकून, ती त्या क्षणीं जन्मते. तपासणी झाली ती संहितेची. विनोद तपासणीच्या बाहेरच राहिला. वसंत सबनीस यांचें 'विच्छा माझी पुरी करा' १९६५ सालीं आलें, आणि दादा कोंडके त्यांत ताज्या राजकारणावरचे शेरे प्रयोगागणिक बदलूं लागले, तेव्हां ही गोष्ट शहरांतल्या प्रेक्षकांनाही कळून चुकली. विनोद हा बोलणारा आणि ऐकणारा या दोघांच्या मध्यें घडतो. म्हणून त्याची मर्यादाही त्या दोघांच्या मध्येंच ठरूं शकते. टेबलापाशीं बसलेल्या तिसऱ्याला ती सांपडत नाहीं.

शिष्ट वाङ्मयांतही याचें प्रत्यंतर मिळतें. आमच्या विनोदी निबंधाचे जनक श्रीपाद कृष्ण कोल्हटकर यांची वकिली आणि लेखन बहुतेक वऱ्हाडांतच झालें. 'सुदाम्याचे पोहे' मधला सुदामा रूढींची थट्टा करतो, पण त्या रूढींत तो स्वतः गळ्यापर्यंत बुडालेला असतो. पु. ल. देशपांडे यांनीं १९६१ पासून 'बटाट्याची चाळ' एकट्यानें रंगमंचावर उभी केली, तेव्हां त्यांच्या थट्टेचा विषय त्यांचाच मध्यमवर्ग होता, आणि तोच समोर बसलेला होता. स्वतःला वगळून केलेली थट्टा आणि स्वतःला धरून केलेली थट्टा यांतला फरक प्रेक्षकाला शिकवावा लागत नाहीं.

याच कोल्हटकरांचे शिष्य राम गणेश गडकरी. विदर्भांतल्याच सावनेर येथें १९१९ सालीं ते वारले. त्यानंतर सुमारें अठ्ठ्याण्णव वर्षांनीं, ३ जानेवारी २०१७ रोजीं, पुण्याच्या संभाजी उद्यानांतील त्यांचा पुतळा उखडून मुठा नदींत टाकण्यांत आला. 'राजसंन्यास' या त्यांच्या अपुऱ्या नाटकांत संभाजी महाराजांचें जें चित्रण आहे, तें अवमानकारक आहे, हें त्याचें कारण सांगितलें गेलें. इतिहासाच्या दृष्टीनें त्या चित्रणावर आक्षेप घेण्यास भरपूर जागा आहे, आणि इतिहाससंशोधकांनीं तो घेतलाही आहे. पण शंभर वर्षांपूर्वींच्या अपुऱ्या नाटकाला जें उत्तर पुरें नाटक लिहून देतां आलें असतें, तें नदींत पुतळा टाकून दिलें जात नाहीं.

आणि आतां अगदीं अलीकडचें. २०२५ च्या फेब्रुवारींत सोलापुरास प्रणित मोरे या विनोदी कलावंतानें एका नवोदित नटाची थट्टा केली म्हणून कार्यक्रमानंतर आपणांस मारहाण झाल्याचें जाहीर केलें. पुढच्याच महिन्यांत कुणाल कामरा यांनीं एकनाथ शिंदे यांना उद्देशून, नांव न घेतां, म्हटलेलें एक विडंबनगीत प्रसृत झालें, आणि २३ मार्चच्या रात्रीं मुंबईंत खार येथील तें सभागृह शिवसेनेच्या कार्यकर्त्यांनीं फोडलें. पोलिसांनीं कलावंतावर गुन्हा नोंदविला आणि मोडतोड करणाऱ्यांवरही नोंदविला. पुढें मुंबई उच्च न्यायालयानें कलावंतास अटकेपासून अंतरिम संरक्षण दिलें. गीत चांगलें होतें कीं वाईट, हा येथें प्रश्न नाहीं. प्रश्न हा आहे कीं, तें जेव्हां म्हटलें गेलें तेव्हां सभागृहांत बसलेले लोक हंसले होते. आणि जे संतापले ते तेथें नव्हते.

हीच या काळांतली खरी नवी गोष्ट आहे. जुना टवाळ प्रेक्षक समोर बसत असे. त्याचा चेहरा दिसे, त्याचा शेरा ऐकूं येई, त्याच्यावर शेरा उलटवितां येई. फजितीचा धोका दोघांनाही सारखा होता. आजचा विनोद चित्रमुद्रित होऊन लाखो घरांत जातो, आणि जेथें जातो तेथें त्याच्याबरोबर ती रात्र, तें सोंग, तो हंशा जात नाहीं. सनदेचीं तीन्ही कलमें एकदमच गळून पडतात. आकाशवाणीवर बोलणाऱ्याला ही अडचण चांगली ठाऊक असते. मी हें वाक्य बोलत असतांना आपल्या घरांत कोण हंसलें आणि कोणाच्या कपाळाला आंठ्या पडल्या, हें मला कळण्याचा मार्ग नाहीं. आणि म्हणूनच येथें शब्द थोडा तोलून वापरावा लागतो. जो आपल्या विनोदाचें मुद्रण जगभर धाडतो, त्यानें एवढें तोलणें अंगीकारावें, असें म्हणण्यांत त्याच्या स्वातंत्र्याचा संकोच होत नाहीं.

मग मर्यादा कोठें? या इतिहासावरून मला दोन कसोट्या दिसतात. पहिली विनोद करणाऱ्यासाठीं: ज्याला मी हंसतों आहें, त्याला मला उत्तर देण्यास तोंड आणि जागा आहे का? मंत्र्याला आहे, धनिकाला आहे, नामवंत नटाला आहे. १८८६ सालच्या शाळकरी मुलीला नव्हती. जातीवरून भर लोकांत केलेल्या अपमानाला १९८९ च्या अत्याचार-प्रतिबंधक कायद्यानें गुन्हा ठरविलें, तें याच तत्त्वावर. कारण तेथें उत्तराचें तोंडच पिढ्यान्पिढ्या बांधलेलें होतें. कायद्यानें पाठ राखावयाची ती अशा माणसाची. ज्याच्या दाराशीं पोलिस पहारा देतात, त्याची नव्हे.

दुसरी कसोटी विनोद बोचलेल्यासाठीं: माझें उत्तर त्याच मापाचें आहे का? शेऱ्याला शेरा, वगाला वग, फार्साला 'स्त्रीपुरुषतुलना', तमाशाला जलसा. असें उत्तर देणाऱ्याला स्वतः हंसें होण्याचा धोका पत्करावा लागतो. म्हणून त्यांत धैर्य आहे. खुर्च्या मोडणाऱ्याला हा धोका नसतो. तो वादांत उतरतच नाहीं. तो वादाची जागाच मोडतो. आणि ती जागा मोडली म्हणजे तीवर उद्यां ज्या दुबळ्याला उत्तर द्यावयाचें होतें, त्याचीही जागा जाते.

श्रोतेहो, हा प्रश्न केवळ नाटकगृहांचा आणि न्यायालयांचा नाहीं. आपल्या घरच्या बैठकींतही सोंगाडे असतात, आणि तेथेंही कोणाची तरी टर रोज उडते: नव्या सुनेच्या बोलीची, कामाला येणाऱ्या बाईच्या शुद्धलेखनाची, वऱ्हाडांतून शिकायला आलेल्या पोराच्या हेलाची. त्या वेळीं हंसण्यापूर्वीं एवढेंच पाहावें कीं, ती व्यक्ति खोलींत आहे का, आणि असली तर तिला उलट टोला मारण्याची मुभा आहे का. मुभा असेल तर मोकळेपणानें हंसावें, आणि तिचा टोला आला म्हणजे त्याहून मोठ्यानें हंसावें.